विषय: ऑफिसमधले सीलिंग लाईट चुकीच्या जागी बसवल्याबद्दल

नमस्कार,

आमच्या ऑफिसचं फॉल्स सीलिंग आणि लाईटचं काम तुमच्याकडून करून घेतलं, तेव्हापासून स्टाफमधलं कोणी ना कोणी संध्याकाळी डोकं धरून बसलेलं असतं. तुमच्या सुपरवायझरला फोन केला तर म्हणे "सर उजेड कमी पडत असेल, अजून दोन पॅनल टाकून देतो". अहो उजेड भरपूर आहे हो, तो येतोय कुठून ते बघा ना!

आमचं काम अकाउंट्सचं, दिवसभर समोर टॅली नाहीतर एक्सेल. मधल्या रांगेत बसणाऱ्यांच्या पाठीमागे वरती पॅनल आलंय, त्याचा पांढरा चौकोन बरोब्बर स्क्रीनवर उमटतो, खालचे आकडे वाचायचे तर मान तिरकी करावी लागते, मग मान धरते. समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्यांना स्पॉटलाईट थेट डोळ्यात, नजर जरा वर केली की झालं. आणि कोपऱ्यातल्या टेबलावर व्हाउचर लिहायला घेतलं की आपल्याच डोक्याची सावली कागदावर.

तुम्ही सीलिंग बघून सारख्या अंतरावर पॅनल मारले, फोटोत झकास दिसतं, पण टेबलं कुठे येणार त्याचा लेआउट तुम्हाला आधीच दिला होता तो उघडून तरी बघितला का? लाईटच्या ओळी टेबलाच्या डाव्या-उजव्या बाजूने, नजरेच्या दिशेला समांतर जायला हव्यात, बरोब्बर डोक्यावर किंवा पाठीमागे नाही. टेबलावर साधारण ५०० लक्स उजेड आणि डोळ्यांना होणारी चकाकी मोजणारा यूजीआर आकडा १९ च्या आत, ऑफिससाठी हे नेहमीचं माप आहे, तुमच्यासारख्या लाईटवाल्यांना आम्ही सांगायचं म्हणजे कमालच. कोटेशनमध्ये वॅट आहेत, उजेडाचा रंग ६५०० केल्विन आहे, यूजीआरचं नावच नाही.

आता ग्रिड सीलिंग आहे म्हणजे टाइल काढून पॅनल ग्रिडच्या शेजारच्या चौकोनात सरकवता येतं, फार तर वायर वाढवावी लागेल, तोडफोड नाही. तेव्हा मधल्या रांगेवरचे पॅनल दोन टेबलांच्या मधल्या जागेत घ्या, समोरचे स्पॉट काढून टाका आणि साध्या डिफ्यूजरऐवजी (उजेड पसरवणाऱ्या झाकणाऐवजी) कमी चकाकीचे मायक्रोप्रिझमवाले, म्हणजे बारीक लोलकांच्या झाकणाचे पॅनल द्या. पॅनल बदलायचा फरक किती ते लेखी कळवा, जागा बदलायचे मात्र एक रुपयाही देणार नाही.

रविवारी ऑफिस बंद असतं, तेव्हा माणूस पाठवा. शिडी लावायच्या आधी त्याला प्रत्येक खुर्चीत बसवून स्क्रीन चालू करून दाखवणार आहे. शेवटचा हप्ता त्यानंतर.