तुझ्या लिस्पच्या स्टॅकबद्दल, बडोद्याहून

प्रिय मित्रा,

तुझ्या लिस्पच्या, म्हणजे तू सी मध्ये लिहिलेल्या मराठी शब्दांच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या, कोडची झिप मिळाली. ती गार्बेज कलेक्टरमध्ये, म्हणजे नको असलेली मेमरी परत घेणाऱ्या भागात, क्रॅश होते असं तू लिहिलंयस, तर सगळ्यात आधी हे सांगतो म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल: तुझ्या गार्बेज कलेक्टरमध्ये काही बिघाड नाहीये. मार्क करणारं फंक्शन तू पुन्हा पुन्हा लिहून काढलंस आणि तरी प्रोग्रॅम तिथेच पडतो, कारण बिघडतं भलतीकडे आणि कलेक्टर बिचारा सगळी मेमरी फिरतो म्हणून खराब झालेला पॉइंटर पहिल्यांदा त्याच्याच हाती लागतो.

बिघाड तुझ्या "झेल"मध्ये आहे, म्हणजे एरर आली की ती झेलून दुसरी किंमत देणाऱ्या सोयीत. मंडळाच्या वर्गणीचा जो प्रोग्रॅम तू पाठवलायस त्यातली ही ओळ बघ:

(ठेव अंदाज (+ अंदाज (झेल (+ १० (/ एकूण घरं)) ०)))

म्हणजे प्रत्येक पोळेत (इथली गल्ली) घरटी सरासरी काय आली ती काढायची, त्यात दहा रुपये वाढवायचे, आणि ज्या पोळेची घरं अजून मोजलीच नाहीत तिथे भागाकार फसणार म्हणून शून्य धरायचं. ओळ एकदम बरोबर आहे. आता तुझं बाइटकोड, म्हणजे कंपायलरने प्रोग्रॅमच्या केलेल्या बारीक सूचना, एकेक पाऊल चालवून बघ. आधी स्टॅकवर (किमतींची थप्पी, वरची आधी निघते) अंदाज चढतो, मग हँडलर (एरर आली तर कुठे जायचं त्याची नोंद) लागतो, मग १०, मग एकूण, मग घरं, अशा चार किमती झाल्या आणि भागाकाराने घरं शून्य बघून एरर टाकली. तुझा हँडलर इथे फक्त पीसी (पुढची सूचना कुठली ते सांगणारा आकडा) बदलतो, म्हणजे उडी बरोबर जागी मारतो, पण स्टॅकची उंची आहे तशीच सोडतो. हँडलर लागला तेव्हा उंची १ होती, तेव्हा तिथपर्यंत स्टॅक कापून मग एररची किंमत वर ठेवायला हवी होती. तसं होत नाही म्हणून एरर टाकून देऊन त्या जागी ० चढतो, आणि बेरीज करणारी सूचना वरच्या दोन किमती उचलते, त्या असतात ० आणि घरं, आणि घरं तर शून्यच! उत्तर ०, तेच अंदाजमध्ये जातं, आणि १०, एकूण हे दोघं आणि जुना अंदाज असे तिघं स्टॅकवर तसेच पडून राहतात.

तू लिहिलंयस ना की बेरीजही कधीकधी कमी येते, पण तो वेगळा बग आहे, नंतर बघू? तो वेगळा नाही रे, हाच आहे. रिकामी पोळ आली की तिथपर्यंतचा सगळा अंदाज पुसला जातो आणि शेवटी फक्त त्यानंतरच्या पोळांची बेरीज उरते. आणि लहान यादीवर क्रॅश का होत नाही तेही यातूनच कळतं. यादीतल्या दर रिकाम्या ओळीला, म्हणजे घरं न मोजलेल्या पोळेला, तीन किमती साचतात, तुझा स्टॅक २५६ जागांचा, म्हणजे ८५ च्या आसपास रिकाम्या ओळी झाल्या की जागा संपली. एका वर्षाच्या यादीत तेवढ्या रिकाम्या ओळी नसतातच, तू सगळ्या वर्षांच्या याद्या एकत्र केल्यास तेव्हाच ते दिसलं. शिवाय तुझी रिटर्नची सूचना फ्रेमच्या (स्टॅकवरच्या त्या फंक्शनच्या वाट्याच्या) तळापर्यंत स्टॅक साफ करते, ती बरोबरच करते, पण त्यामुळे छोट्या फंक्शनमध्ये साचलेलं सगळं निघून जातं आणि तुझ्या सगळ्या टेस्ट पास होतात, कारण त्या सगळ्या छोट्या फंक्शनच्याच आहेत.

आता हे सापडलं कसं ते सांगतो कारण पुढच्या वेळी तुला उपयोगी पडेल. ऑफिसातून आल्यावर लिनक्सवर आरआर लावलं, मोझिलामध्ये तयार झालेलं ते रेकॉर्ड करणारं डीबगर. ते प्रोग्रॅमचं अख्खं चालणं टिपून ठेवतं आणि मग उलटं चालवता येतं. क्रॅशपर्यंत गेलो, जो पॉइंटर खराब होता त्याच्या पत्त्यावर वॉचपॉइंट (तिथे कोणी लिहिलं की थांबवणारी खूण) ठेवला आणि रिव्हर्स कंटिन्यू. थांबलं ते थेट तुझ्या इंटरप्रिटरच्या पुशवर, म्हणजे स्टॅकवर किंमत चढवणाऱ्या ओळीवर! सिम्बॉल टेबलचा (नावांच्या यादीचा) पॉइंटर तुझ्या स्ट्रक्चरमध्ये स्टॅकच्या लगेच पुढे आहे, आणि २५७ वी किंमत त्याच्यावरच लिहिली गेली. जीडीबी या साध्या डीबगरमध्येही वॉचपॉइंट लागतो, पण तिथे पत्ता आधीच माहीत असावा लागतो, आरआरमध्ये आधी मरू द्यायचं आणि मग मागे जाऊन कोणी मारलं ते बघायचं. सी मध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने हे शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

तुझा दुसरा प्रश्न, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावूनही काहीच कसं बोलला नाही. कारण स्टॅकचा अ‍ॅरे तू व्हीएमच्या (इंटरप्रिटरच्या) स्ट्रक्चरच्या आतच ठेवलायस. सॅनिटायझर मॅलॉकने (सी मध्ये मेमरी मागायचं फंक्शन) घेतलेल्या तुकड्याच्या अलीकडे-पलीकडे विषारी पट्टे ठेवतो, आपण पट्ट्यावर पाय दिला की ओरडतो, पण एकाच स्ट्रक्चरमधल्या दोन फील्डच्या मध्ये पट्टा नसतो, तिथून शेजारच्या फील्डमध्ये घुसलं तर त्याला कळत नाही. स्टॅक वेगळा मॅलॉक कर. मी एवढंच बदलून चालवलं आणि पहिल्याच रनला नेमकी ओळ दाखवून त्याने प्रोग्रॅम थांबवला.

झेलचा बदल तसा लहान आहे. हँडलरच्या नोंदीत दोन गोष्टी ठेवायच्या, कुठे उडी मारायची आणि लावताना स्टॅक किती उंच होता. ईमॅक्स एडिटरच्या लिस्प इंटरप्रिटरमध्ये बघ, तिथे हँडलरच्या स्ट्रक्चरमध्ये या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत, एरर आली की आधी स्टॅकचा माथा जुन्या जागी येतो, मग एररची किंमत चढते, मग उडी. पॅच सोबत जोडलाय.

पण नुसता पॅच लावून हे सोडून देऊ नकोस रे, खरं बोलायचंय ते पुढचंच आहे. तुझ्या कोडमध्ये प्रत्येक सूचना स्टॅकवरून किती उचलते आणि किती ठेवते हे ज्ञान तीन ठिकाणी विखुरलंय, कंपायलरमध्ये, इंटरप्रिटरच्या स्विचमध्ये आणि डिसअसेंब्लरमध्ये (बाइटकोड वाचता येईल असा छापणारा), आणि तिन्ही ठिकाणी तू ते हाताने लिहिलंयस. ते एका टेबलात आण. बेरीज: उचल २, ठेव १. डुप्लिकेट: उचल १, ठेव २. कॉल: आर्ग्युमेंट जितके तितके अधिक फंक्शन स्वतः, ठेव १. आपल्या इथल्या पेढीवर रोजमेळात जशी आदल्या पानाची शिल्लक पुढच्या पानावर ओढायची आणि ती जुळलीच पाहिजे, तसं प्रत्येक सूचनेच्या आधीची आणि नंतरची उंची जुळली पाहिजे, आणि हे प्रोग्रॅम न चालवताच तपासता येतं.

ते तपासणारा व्हेरिफायर फार मोठा नाही. पहिल्या सूचनेला उंची ० दे, टेबल बघत पुढे जा, उडी आली की जिथे पोचते तिथेही उंची लिहून ठेव, आणि एखाद्या जागी दोन वाटांनी पोचता येत असेल तर दोन्हीकडून उंची सारखीच यायला हवी, नाही आली तर कंपायलर चुकलाय. "जर"च्या दोन फांद्यांपैकी एकीने किंमत ठेवली आणि दुसरीने नाही ठेवली तर इथेच पकडलं जाईल. झेलच्या हँडलरची जागा म्हणजे लावतानाची उंची अधिक १. सोबत आणखी बघायचं: उडीचा पत्ता सूचनेच्या सुरुवातीलाच आहे ना, की दोन बाइटच्या पत्त्याच्या मधोमध पडतोय, कॉन्स्टंटचा नंबर कॉन्स्टंटच्या यादीच्या (व्हेक्टरच्या) आत आहे ना, आणि शेवटची सूचना रिटर्न किंवा उडीच आहे ना, नाहीतर पीसी बाहेर निघून जाईल. आणि वाटेत जी सगळ्यात मोठी उंची सापडली ती फंक्शनमध्ये लिहून ठेवायची, म्हणजे प्रत्येक पुशला जागा आहे का विचारायची गरज नाही, फंक्शनमध्ये शिरताना एकदा विचारलं की झालं. जावा क्लास लोड करताना अशीच तपासणी करतं. ईमॅक्स करत नाही, तिथे कमाल उंची कंपायलर मोजून देतो आणि इंटरप्रिटर त्यावर विश्वास ठेवतो, त्यांच्या मॅन्युअलमध्ये तर सरळ इशाराच आहे की बाइटकोडचे भाग स्वतः जुळवायला जाऊ नका, विसंगत असले तर ईमॅक्स कोसळू शकतं. दर सूचनेला स्टॅक तपासायची सोय त्यांच्या कोडमध्ये आहे, पण ती कंपाइल करताना मुद्दाम चालू करावी लागते. त्यांचा कंपायलर इतकी वर्षं वापरून पक्का झालाय म्हणून ते चालतं. तुझा अजून रोज बदलतोय, तुला व्हेरिफायर हवाच.

स्पीडची तुला काळजी आहे ते समजतं, म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. स्टॅकची तपासणी लोड करताना एकदा, आणि डीबग बिल्डमध्ये दर सूचनेला. पण टाइपची तपासणी नेहमी, कुठल्याही बिल्डमध्ये काढायची नाही. कोणी आकड्याचं कार (यादीचा पहिला घटक) मागितलं तर पॉइंटर म्हणून आकडा वापरला जाणार, ती एरर म्हणूनच आली पाहिजे. बेरजेत ओव्हरफ्लो बघ, सी मध्ये चिन्हवाल्या पूर्णांकाचा ओव्हरफ्लो झाला तर काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही, जीसीसी कंपायलरमध्ये त्यासाठी बिल्ट-इन फंक्शन आहे ते वापर. भागाकारात तू शून्य बघतोस पण सगळ्यात लहान ऋण संख्येला उणे एकने भागलं तर एक्स८६ वर प्रोसेसरच ट्रॅप मारतो आणि अख्खा प्रोग्रॅम मरतो, तेही घाल.

एरर मेसेजबद्दल जरा जास्त बोलतो कारण इथली पोरं तुझं लिस्प वापरतायत. दांडिया बाजारातल्या आपल्या मंडळाची दोन-तीन पोरं, त्यातला एक कलाभवनला (इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजला) पहिल्या वर्षाला आहे, मराठीत प्रोग्रॅम लिहिता येतो म्हणून इतकी खूश आहेत की बस. त्यांना "ओळ ४, कॉलम ३१" असं दिसतं आणि ओळीत तेवढी अक्षरंच नसतात! कारण तू बाइट मोजतोस, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट ३ बाइट घेतो, आणि "क्षे" हे दिसायला एक अक्षर असलं तरी कोड पॉइंट ४, म्हणजे १२ बाइट. कॉलमचा नादच सोड, ती ओळ छाप आणि जो शब्द खटकला तो वेगळ्या ओळीवर लिही. आणि ओळीचा नंबर काढताना पीसीतून एक वजा कर, कारण एरर येईपर्यंत पीसी त्या सूचनेच्या पुढे गेलेला असतो, म्हणून तुझ्याकडे कधीकधी पुढच्याच ओळीचं नाव येतं.

आणि ते "दुसऱ्या-पोळ" नावाचं व्हेरिएबल, जे समोर दिसत असून "सापडत नाही" म्हणतं, ते मी उघडून बघितलं. ऱ दोन प्रकारे लिहिता येतो, एक सबंध कोड पॉइंट किंवा र अधिक नुक्ता. एका पोराने मोबाईलवर टाइप केलं आणि दुसऱ्याने लॅपटॉपवर, दिसायला तंतोतंत सारखं, बाइट वेगळे, म्हणून तुझ्यासाठी दोन वेगळे सिम्बॉल, म्हणजे दोन वेगळी नावं. रीडरमध्ये (प्रोग्रॅमचा मजकूर वाचणाऱ्या भागात) सिम्बॉल बनवायच्या आधी युनिकोडचं एनएफसी रूप (अशा अक्षरांचं ठरलेलं एकच रूप) करून घे, दोन्ही एक होतील. मराठीत ऱ्या पावलोपावली येतो, हे आपल्याला टाळताच येणार नाही.

शेवटची एक विनंती, तुझा पहिला जुना इव्हॅल (एक्स्प्रेशनची किंमत काढणारं फंक्शन), बाइटकोड न करता प्रोग्रॅमच्या झाडावर थेट चालणारा, तो डिलीट करू नकोस. लिस्पचे जनक मॅकार्थी यांच्या १९६० च्या पेपरमध्ये इव्हॅल लिस्पमध्येच लिहिलेलं होतं आणि स्टीव्ह रसेलने ते हाताने आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरच्या मशीन कोडमध्ये उतरवलं, तिथून लिस्पचा इंटरप्रिटर चालू झाला. तुझं इव्हॅलही तसंच छोटं आहे, एका बैठकीत वाचून बरोबर आहे की नाही ते ठरवता येतं, बाइटकोडचं तसं नाही. तेव्हा रँडम एक्स्प्रेशन बनवणारा एक प्रोग्रॅम लिही, त्यात झेल आणि शून्याने भागाकार मुद्दाम भरपूर येऊ देत, प्रत्येक एक्स्प्रेशन दोन्हीकडे चालव आणि उत्तर जुळतं का बघ, एरर आली तर दोन्हीकडे तीच एरर यायला हवी. सोबत कलेक्टरला दर अ‍ॅलोकेशनला पळायला लाव, फार हळू चालेल पण चालू दे रात्रभर, एखादी किंमत रूटमध्ये (कलेक्टर जिथून शोध सुरू करतो त्या यादीत) धरायची राहिली असेल तर लगेच कळेल.

मला यातलं सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? क्रॅश नाही, ती चुकीची बेरीज. कलाभवनवाला पोरगा त्या बेरजेवर कितीतरी वेळ बसला होता आणि स्वतःचंच लॉजिक पुन्हा पुन्हा तपासत होता, कारण मशीन चुकीचं सांगेल असं त्याच्या मनातही आलं नाही. शिकणाऱ्याला भाषेने खोटं उत्तर द्यायचं नाही, एरर दिली तर चालेल, थांबली तर चालेल.

तर असं कर, आधी पॅच लाव आणि स्टॅक वेगळा मॅलॉक कर, मग ते टेबल लिही. टेबल झालं की मला पाठव, व्हेरिफायर मी इथे लिहायला घेतो, तू रँडम टेस्टवाला बघ. गणपतीला येतोयस ना? तेव्हा पोरांबरोबर बसू, त्यांनी बरंच काय काय लिहून ठेवलंय आणि त्यांचे प्रश्न माझ्यापेक्षा अवघड आहेत. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
दांडिया बाजारवाला