काका, त्या गवताच्या झुपक्याबद्दल थँक्यू

काका, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणायला गेलो तर तुम्ही "बरं बरं, ठेव, गिऱ्हाईक आलंय" म्हणून कट केलात, तेही दोनदा, म्हणून आता इथं सगळ्यांसमोर लिहितोय. नाव घालत नाही, तुम्हाला चालणार नाही माहितीये. पण आपल्या फोटो क्लबमधल्या पोरांना कळेलच की पासपोर्ट फोटो काढता काढता मधेच उठून आमच्या एंट्र्या बघणारे काका कोण ते.

बाकीच्यांसाठी आधी झालं काय ते सांगतो. फोटो प्रदर्शनाच्या एंट्रीचा शेवटचा दिवस, रात्री बारापर्यंत अपलोड, आणि मी टॉवेलच्या कारखान्यातनं सुटून साडेसातला पेनड्राईव्ह घेऊन काकांच्या दुकानात. खरं सांगू का काका, मी मदत मागायला आलोच नव्हतो, मी दाखवायला आलो होतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर लांडग्याचा फोटो मिळाला होता ना मला, त्याच्यासाठी चार रविवार पहाटे साडेचारला गाडी काढली होती, घरात कुणी बोलत नव्हतं माझ्याशी, आणि डोक्यात फ्रेम, सर्टिफिकेट, व्हॉट्सॲपचं स्टेटस सगळं तयार होतं. तुम्ही फोटो उघडला, "छान आहे रे" म्हणालात, चष्मा कपाळावर चढवलात आणि शंभर टक्के झूम केलात. उजव्या कोपऱ्यात. लांडगा डावीकडं उभा आणि हा माणूस कोपऱ्यातलं गवत काय बघतोय, मला कळेना. मग तुम्ही स्क्रीनवर बोट ठेवलंत. वाळक्या गवताचा एक झुपका, पाच काड्या, त्यातली एक मधेच मोडून खाली लोंबलेली. बोट तसंच दीड इंच सरकवलंत. परत तोच झुपका. त्याच पाच काड्या, तीच मोडकी.

"रॉ फाईल आहे का?" एवढंच विचारलंत. रॉ म्हणजे कॅमेऱ्यातनं आलेली मूळ, हात न लावलेली फाईल.

काउंटरपाशी दोन बायका पोरांच्या आयकार्डच्या फोटोसाठी थांबलेल्या, तुमचा हेल्परही तिथंच, तुम्ही जरा आवाज चढवला असतात तर मी परत क्लबची पायरी चढलो नसतो. तुम्ही मॉनिटर फक्त माझ्याकडं वळवलात आणि त्या बायकांना म्हणालात, बसा ताई, पाच मिनिटं. याचं थँक्यू आधी. बाकीचं नंतर.

रॉ फाईलमध्ये त्या जागी कुंपणाचा सिमेंटचा खांब होता आणि त्याला दोन तारा. तो मी क्लोन करून, म्हणजे शेजारचं गवत कॉपी करून त्यावर चिकटवून, उडवलेला. आणि खरंच सांगतो, मला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं, लग्नाच्या फोटोत स्टेजमागचा पंखा उडवतात तसा उडवला. नियम वाचले होते का, तर वाचले होते, म्हणजे अंगठ्यानं वर सरकवले होते. मला तर राग आला होता उलट, म्हणलं आख्खा लांडगा माझा आहे, पहाटेची थंडी माझी आहे, एका खांबासाठी कसला बाऊ करताय.

तुम्ही तेव्हा जे सांगितलंत ते मी घरी जाऊन वहीत लिहून ठेवलंय. नेचरमध्ये, म्हणजे निसर्गाच्या विभागात, फोटोत काही घालायचं नाही, इकडचं तिकडं करायचं नाही, बदलायचं नाही, काढायचं नाही. काढायचंच असेल तर क्रॉप करून काढा. मी म्हणलं मग डस्ट स्पॉट काढलेले कसे चालतात, नॉईज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी केलेला कसा चालतो, तेही काढणंच की. तर तुम्ही म्हणालात, "धूळ तुझ्या सेन्सरवरची, खांब माळावरचा." बस. दोन वर्षं यूट्यूब बघून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते एवढ्यात शिरलं. कॅमेऱ्यानं स्वतः आणलेली घाण पुसा, ठिपके असोत, नॉईज असो, जुन्या फिल्मवरचे ओरखडे असोत, पण समोर जे होतं त्याला हात नाही. उजेड, कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग, एचडीआर (कमीजास्त उजेडाचे फोटो एकत्र करणं), मॅक्रोला फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे एकत्र करणं) हे सगळं चालतं, जोवर बघणाऱ्याला ते खरं वाटतंय. नेचरचा फोटो आख्खा ब्लॅक अँड व्हाइट केला तरी चालतो, हे तर मला तुमच्याकडनंच कळलं.

आणि हे काही आपल्या क्लबच्या म्हाताऱ्यांनी (हा शब्द तुमचाच) चहा पिता पिता ठरवलेलं नाही, अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी पीएसए, फोटोग्राफीचा आंतरराष्ट्रीय महासंघ फियाप आणि इंग्लंडची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या तिघांनी मिळून नेचरची एकच व्याख्या केली आणि 2015 पासून ती लागू केली, त्याआधी एकीकडं चालणारा फोटो दुसरीकडं बाद व्हायचा. वर तुम्ही तो 2009 चा किस्सा सांगितलात. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरचं पहिलं बक्षीस, फाटकावरनं उडी मारणारा लांडगा, आणि जानेवारी 2010 मध्ये बक्षीस काढून घेतलं कारण ज्युरींना वाटलं की तो रानातला नाही, पाळलेला, शिकवलेला लांडगा असावा. फोटोग्राफरनं ते मान्य केलं नाही ही गोष्ट वेगळी. तिथं तर एडिटिंगचा प्रश्नच नव्हता. तुमचं म्हणणं होतं, खोटेपणा फोटोशॉपमध्येच होतो असं नाही. मी म्हणलं माझा लांडगा तर खरा आहे ना काका. तुम्ही हसलात आणि म्हणालात, लांडगा खरा रे, माळ खोटा केलास.

एका गोष्टीवर मात्र आपलं पटलं नाही आणि अजूनही पटलेलं नाही. नियमात लिहिलंय की माणसाच्या हातचं काही फ्रेममध्ये नको, पण ते त्या प्राण्याच्या गोष्टीचाच भाग असेल तर चालेल, म्हणजे पडक्या इमारतीत राहणारं घुबड चालतं, घरावर घरटं करणारा करकोचा चालतो, संशोधनासाठी घातलेली रेडिओ कॉलरही चालते. मग नान्नजकडचा लांडगा काय जंगलात राहतो का? तो शेतं, कुंपणं, धनगरांची मेंढरं यांच्यातच वाढतो, तार ही त्याच्या गोष्टीतलीच आहे की, मग खांब ठेवूनच पाठवला असता तर? तुम्ही दोन मिनिटं गप्प बसलात. मग म्हणालात, "मुद्दा बरोबर आहे, पण ज्युरी सोलापूरचा नाहीये." शेवटी क्रॉपच केला. 6000 पिक्सलची रुंदी 4300 वर आली, अपलोडला 1920 लागतात, त्यामुळं अडचण काही नव्हती, फक्त लांडग्यासमोरची मोकळी जागा गेली आणि तो भिंतीकडं तोंड करून उभा केल्यासारखा दिसायला लागला. ते मला अजून खुपतं.

बाकी तीन फोटोंचं तर काय सांगू, हसाल सगळे. बायकोच्या कुंडीतली जास्वंद मी नेचरला टाकली होती. लागवडीची फुलं, संकरित झाडं, पाळीव जनावरं यातलं काहीच नेचरमध्ये बसत नाही, हे मी घरी सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे माझं झाड प्लास्टिकचं आहे का. यावर तुम्हीच येऊन समजावा, मला जमलं नाही. गड्ड्याच्या यात्रेतला नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली सजवलेली उंच काठी, मोनोला म्हणजे एकरंगी विभागाला टाकलेला, सगळं ब्लॅक अँड व्हाइट आणि बाशिंग तेवढं रंगीत, मला वाटलं काय भारी आयडिया आहे. तुम्ही म्हणालात आख्खा फोटो एकाच रंगात टोन केलास, सेपिया म्हण, निळा म्हण, तरी तो मोनोच राहतो, पण एका कोपऱ्यात जरी वेगळा रंग ठेवलास की तो कलर झाला. आणि हळूच, "ते बाशिंग पण साधंच राहू दे रे, ते 2010 चं फॅड गेलं आता." बरोबर आहे, गेलं.

आणि यंत्रमागावरचे मामा. पूर्व भागातल्या एका शेडमधला फोटो, मी जर्नलिझमला टाकणार होतो. तुम्ही विचारलंत, मामा तिथंच उभे होते का? मी म्हणलं हो. खिडकीचा उजेड बरोबर तोंडावर कसा आला मग? मी गप्प. मीच त्यांना दोन पावलं सरकवलं होतं आणि हातात धोटा धरायला लावला होता. आपण उभं केलेलं जर्नलिझममध्ये चालत नाही, ट्रॅव्हलमध्येही चालत नाही, तिथं जे आपसूक घडतंय तेच लागतं. मला वाटलं हाही गेला. पण तुम्ही म्हणालात ओपनला टाक, तिथं पोर्ट्रेट म्हणून उभं केलेलं चालतं, फोटो चांगला आहे, फक्त त्याला बातमी म्हणू नको. मी तर डिलीट करायच्या तयारीत होतो.

अकरा चाळीसला अपलोड झालं. तुमचं दुकान नऊला बंद होतं. शटर अर्धं खाली ओढून तुम्ही बसलात, घरनं दोनदा फोन आला तुम्हाला, आणि शेवटी फाईलच्या कोपऱ्यातलं माझं नाव पुसायला तुम्हीच आठवण केलीत, नाहीतर चारही एंट्र्या त्यावरच बाद झाल्या असत्या कारण ज्युरीला नाव दिसता कामा नये.

निकाल तुम्हाला माहितीच आहे. मामांचा फोटो प्रदर्शनात घेतला. लांडगा एका मार्कानं राहिला. पहिले दोन दिवस मी तुमच्यावरच चिडून होतो, खांब उडवूनच पाठवला असता तर मोकळी जागा राहिली असती आणि लागलाही असता, असं मित्राला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "आणि त्यांनी रॉ मागितली असती तर काय दाखवला असतास बे?" आता रॉ फाईली डिलीट करत नाही, 2 टीबीची हार्ड डिस्क घेतलीय, तिचा खर्च अजून घरात सांगितलेला नाही, इथं वाचून कळला तर कळला.

आणि हो, त्या रात्री शटर लावताना तुम्ही म्हणाला होतात ना, तो खांबवाला, न कापलेला, मला एक 12 बाय 18 काढून दे. का ते सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. काढलाय. मॅट पेपरवर, खांब, दोन्ही तारा, गवत जसं होतं तसं. रविवारी तुमचं दुकान बंद असतं, सोमवारी सुटल्यावर घेऊन येतो. पैशाचं काढायचं नाही.