दाराबाहेरचे बाकडे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील घटस्फोटावरच्या चित्रपटांविषयीच्या लेखात असगर फरहादी यांच्या ‘अ सेपरेशन’ या २०११ सालच्या इराणी चित्रपटाचा शेवट ‘अर्धवट’ ठरवला आहे. रत्नागिरीच्या न्यायालयात सव्वीस वर्षे लिपिक म्हणून काम केलेल्या माणसाला या एका शब्दावर हरकत नोंदवावीशी वाटते.

चित्रपट सुरू होतो तोच न्यायाधीशांसमोर. ते दिसत नाहीत, फक्त त्यांचा आवाज ऐकू येतो, आणि नवरा-बायको थेट आपल्याकडे बघून आपापली बाजू मांडतात. सिमीनला मुलीला घेऊन देश सोडायचा आहे, व्हिसाची मुदत संपत आली आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना टाकून जाणे नादेरला शक्य नाही. मारहाण नाही, व्यसन नाही, आणि दोघांचेही म्हणणे खरे आहे. (आपल्या मालिकांत घटस्फोटाला कोणीतरी खलनायिका लागतेच, तो विषय वेगळा.)

तेहरानमधला हा पेच आम्हा कोकणवासीयांना परका वाटू नये. गावच्या घरात अंथरुणाला खिळलेले वडील, त्यांच्यापायी मुंबईची नोकरी सोडून परतलेला मुलगा आणि मुलांच्या शाळेसाठी डोंबिवलीची खोली सोडायला तयार नसलेली सून, अशा घरांतले अर्ज मी स्वतः नोंदवून घेतले आहेत. अर्जात मात्र ही हकिकत क्वचितच असे. तेथे ‘क्रूरता’ आणि ‘परित्याग’ हेच शब्द असत, कारण कायद्याला कारण लागते आणि कारण म्हणजे बहुधा कोणाचा तरी दोष. हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीची वाट १९७६ साली आली खरी, पण तीही दोघे एका कागदावर सही करायला तयार असतील तरच. अंथरुणावरचे सासरे कोणत्याच कलमात बसत नसत.

शेवटच्या प्रसंगात अकरा वर्षांच्या तेर्मेला ‘कोणाकडे राहणार’ असे न्यायाधीश विचारतात, आई-वडिलांना बाहेर थांबायला सांगितले जाते, आणि काचेच्या दाराच्या अलीकडे-पलीकडे दोघे वाट बघत असतानाच श्रेयनामावली सुरू होते. तिचे उत्तर आपल्याला कळत नाही, याचाच लेखकांना राग आहे. पण दोघांच्या अंगावर काळे कपडे आहेत. म्हणजे नादेरचे वडील गेले असावेत. ज्यांच्यासाठी सारे अडले होते तेच उरले नाहीत, तरी घटस्फोट काही टळलेला नाही. यानंतर मुलीने कोणाचेही नाव घेतले तरी काय फरक पडणार होता?

आमच्या व्हरांड्यातही पुकारा होईपर्यंत नवरा एका टोकाला आणि बायको दुसऱ्या टोकाला उभी असे, आणि मूल दोघांमध्ये येरझाऱ्या घाली. पावसाची झड आली की दोन्ही टोके भिजत आणि दोघांनाही मधल्या बाकड्याकडे सरकावे लागे. तेवढ्या वेळात ते काय बोलत, हे कोणत्याही रोजनाम्यात आलेले नाही.

रत्नागिरीतील एखाद्या मंडळाने हा चित्रपट सावरकर नाट्यगृहात मराठी उपशीर्षकांसह दाखवावा, अशी विनंती आहे. फक्त श्रेयनामावली लागताच दिवे लावू नयेत. ते दोघे तोवर तेथेच असतात.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, रत्नागिरी