ड्युटी चार्टवरचा ‘अ’

प्रिय इनचार्ज सिस्टर,

तुमच्या निरोप समारंभात माझं नाव पुकारलं तेव्हा मी माईकपाशी आले, ‘सिस्टरांनी मला’ एवढंच बोलले आणि माईक ब्रदरच्या हातात देऊन मागं जाऊन उभी राहिले. पोरीला काही सुचलं नाही, असं तुम्हाला वाटलं असेल. सुचलं खूप होतं, पण गळा दाटून आला. तुम्ही निवृत्त होऊन आता महिना होत आला. मागच्या आठवड्यात माझा शेवटच्या वर्षाचा निकालही लागला. तेव्हापासून मनात आहे की त्या दिवशी जे राहिलं ते लिहून काढावं. सगळ्यांनी वाचावं असं लिहावं, कारण तुम्ही केलेलं कोणत्याच रजिस्टरमध्ये नोंदलेलं नाही.

तुमच्याकडं आले तेव्हा मी काही ताजीतवानी नव्हते. आधीची चार वर्षं तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात गेली. त्या दवाखान्याचं नाव घेत नाही. जीएनएमची, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाची, माझी मूळ कागदपत्रं तिथं कपाटात कुलपात ठेवून घेतली होती, मी सोडून जाऊ नये म्हणून. पुढं शिकायचंय म्हटलं तर उत्तर मिळालं, ‘शिकायचं तर ड्युटी सोड, ड्युटी करायची तर पुस्तक घरी ठेव.’ डबल ड्युटीनंतर एकदा चक्कर येऊन पडले तर सलाईन लावली आणि तिचे पैसे पगारातून कापले. आणि वरून ‘सेवा’ हा शब्द. थकले म्हटलं की सेवा, सुटी मागितली की सेवा. दर १२ मे ला, परिचारिका दिनी, नाईटिंगेलबाईंच्या फोटोला हार, आम्हाला एकेक गुलाब, आणि त्याच रात्री तीस पेशंटमागं एकटी नर्स. ज्या बाईंच्या फोटोला हार घालायचे, त्या क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर कितीतरी वर्षं स्वतः अंथरुणाला खिळून होत्या. हे त्या दवाखानेवाल्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. दिवा घेऊन फिरणारी बाईसुद्धा थकते.

सरकारी रुग्णालयात कंत्राटी का होईना, ऑर्डर मिळाली तेव्हा वाटलं, आता सुटले. त्याच जोरावर इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगची एन्ट्रन्स दिली आणि तीन वर्षांच्या कोर्सला नाव लागलं. नाइट करायची, सकाळी पुढच्या सिस्टरला वॉर्डाचा ओव्हर देऊन एस.टी. पकडायची, मुलीला आईकडं सोडायचं आणि असाइनमेंट लिहायला बसायचं. पहिलं वर्ष निभलं. दुसऱ्या वर्षी माझ्या आत काहीतरी विझत चाललं आणि ते मलाच कळलं नाही. झोप येत नव्हती, आली तर पुरत नव्हती. पुस्तकाचं एकच पान चारदा वाचायचं आणि पाचव्यांदा पहिल्या ओळीपासून सुरू करायचं. मुलगी काही सांगायला आली की तिचे ओठ हलताना दिसायचे, आवाज पोचायचा नाही.

आणि मग ती फवारणीची केस आली.

पोळा होऊन आठवडा झाला होता. महालक्ष्म्या आल्या म्हणून अर्धा स्टाफ सुटीवर होता. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हे दिवस कसे असतात ते तुम्हाला मी काय सांगू! २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, ते वर्ष तुम्ही वॉर्डात उभ्यानं पाहिलेलं. तेव्हापासून पऱ्हाटी (कपाशी) डोक्याएवढी वाढली की तुमच्या कपाळाला आठी पडायची आणि अ‍ॅट्रोपिनचा, म्हणजे त्या विषावरच्या उताऱ्याचा, साठा तुम्ही रोज स्वतः मोजायच्या. तो माणूस रात्री अकराला आला. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. दर काही मिनिटांनी नाडी, बाहुल्या, छाती कोरडी होत आली का, पुन्हा डोस. त्यात उरलेला वॉर्ड. साध्या वॉर्डात पाच-सहा पेशंटमागं एक नर्स असावी, असं पुस्तकात आम्हीच पाठ करतो. त्या रात्री माझ्याकडं बावीस होते.

दुसऱ्या रात्री तो भ्रमात गेला. अ‍ॅट्रोपिन चढलं की माणूस हवेतून काहीतरी वेचत राहतो, तसा तो वेचत होता. अंगठा आणि दोन बोटं जुळवून, अगदी कापूस वेचावा तसं. त्याची बायको तो हात धरून बसलेली. तिनं विचारलं, ‘सिस्टर, वाचतीन ना हे?’ मी मान वर न करता म्हटलं, ‘मला काय विचारता? सरका तिकडं, सलाईन हलते.’

चार रात्री मी त्याच्यापाशी होते. तो वाचला आणि पायी चालत घरी गेला. त्यानंतर आठ दिवसांनी दुपारी एक बाई वॉर्डाच्या दारात येऊन उभी राहिली. ओच्यात बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा होत्या. माझ्याकडं पाहून हसली. मी म्हटलं, ‘भेटायची वेळ चारनंतर आहे.’ तिचा चेहरा उतरला. ‘सिस्टर, मले नाई ओळखलं? फवारनीवाल्याची बायको मी.’

नव्हतं ओळखलं. चार रात्री ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि तिचा चेहरा माझ्याकडं नव्हताच. तिच्या नवऱ्याच्या बाहुल्या किती मिलिमीटर होत्या ते सांगू शकले असते. तिच्या कपाळावर कुंकू होतं की टिकली, ते ठाऊक नव्हतं.

शेंगा घेतल्या आणि चादरींच्या खोलीत जाऊन बसले. रडले नाही. रडू यावं असं वाटत होतं आणि येत नव्हतं, त्याचीच भीती वाटली. किती वेळ बसले कोण जाणे. दार उघडून तुम्ही आत आल्या. माझ्या मांडीवर शेंगा, हातात थर्मामीटर. मला वाटलं, आता बोलणी बसणार. वॉर्ड सोडून बसले होते, बसायलाच हवी होती.

तुम्ही विचारलं, ‘जेवली का वं पोरी?’

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच आठवत नाही. ‘बस इथंच. वॉर्ड मी पाह्यते.’ जाताना तुम्ही दार ओढून घेतलं, पण पूर्ण नाही, थोडी फट ठेवली. अर्ध्या तासानं तुमचा डबा आला, मावशींच्या हातून. भाकर आणि आलूवांग्याची भाजी. मावशी म्हणाल्या, ‘सिस्टरनं सांगतलं, अर्धा नोको ठेवजो.’ तो पूर्ण डबा मी खाल्ला. त्या दिवशी तुम्ही काय खाल्लं, हे मी अजून विचारलेलं नाही.

हेही पुष्कळ होतं. पण मला आयुष्यभर पुरेल ते पुढच्या सोमवारी झालं.

सोमवारी तुमचा ड्युटी चार्ट लागायचा. नर्सिंग स्टेशनच्या काचेवर चिकटवलेला तो मोठा कागद, पट्टीनं आखलेला. एम म्हणजे मॉर्निंग, ई इव्हिनिंग, एन नाइट, ओ ऑफ. तुम्ही नेहमी पेन्सिलीनं भरायच्या, कारण आपल्याकडं बुधवारपर्यंत निम्मा चार्ट खोडावा लागतो. माझ्या नावापुढं गुरुवारच्या चौकोनात निळ्या पेननं लिहिलं होतं, ‘अ’. सगळ्या इंग्रजी अक्षरांत ते एकटं मराठी अक्षर, बालवाडीच्या फळ्यावर असतं तसं गोल, नीट गिरवलेलं. पुढच्या गुरुवारीही ‘अ’. त्याच्या पुढच्याही.

एका सिस्टरनं सगळ्यांसमोर विचारलं, ‘हे अ काय आहे? अ‍ॅबसेंट?’

तुम्ही रजिस्टरमधून डोकं न काढता म्हणाल्या, ‘अ म्हणजे अभ्यास. तिची ड्युटी हाय ते.’

सुटी म्हणाला नाहीत. सवलत, दया, ‘बिचारीला सांभाळून घ्या’, यातलं काहीच नाही. ड्युटी म्हणालात. सिस्टर, माझ्या अभ्यासाला तोवर सगळ्यांनी हौस म्हटलं होतं. सासरी हौस, खाजगी दवाखान्यात नखरे, शेजारी ‘आता काय कलेक्टर व्हायचं काय?’ मी स्वतःसुद्धा पुस्तक उघडताना चोरी केल्यासारखं उघडायची. तुम्ही त्याला चार्टवर जागा दिली, मॉर्निंग आणि नाइटच्या ओळीत बसवलं. आणि पेननं लिहिलं. ते कोणी खोडलं नाही, डिसेंबरचे पेपर होईपर्यंत एकदाही नाही.

माझ्या जागी गुरुवारची इव्हिनिंग कोण करतं, हे कितीतरी आठवडे मला माहीत नव्हतं. अदलाबदल केली असेल, असं वाटायचं. एकदा जुनी केस शोधायला रिपोर्ट बुक उघडलं. गुरुवार, रात्री आठचा ओव्हर, खाली तुमची तिरपी सही. मागं गेले, तर तीच सही. त्याच्या मागच्या गुरुवारीही तीच. दिवसभर इनचार्जचं काम करून, गुडघ्याला पट्टा बांधून, सत्तावन्नाव्या वर्षी तुम्ही माझी इव्हिनिंग करत होत्या. मी तुमच्याकडं आले आणि म्हटलं, सिस्टर, हे बरोबर नाही. तुम्ही म्हणाल्या, ‘तू पास हो. बाकी मले नोको शिकवू.’

आणखी एक सांगायचंय, कारण ते वाचून कोणाला तरी उपयोग होईल. तुम्ही माझ्या फोनमध्ये टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सेव्ह करून दिला होता. ‘पेशंटच्या घरच्यायले सांगतो ना आपण, मंग आपल्याले कायची लाज?’ मी दोन रात्री धीर केला नाही, तिसऱ्या रात्री लावला. पलीकडच्या बाई मराठीत बोलल्या, घाई केली नाही. तिथून बर्नआउट हा शब्द हाती आला आणि मी त्याबद्दल वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात त्याची नोंद घेतली, पण आजार म्हणून नाही. कामाच्या जागेवरचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की हे होतं, असं तिथं म्हटलंय. तीन खुणा दिल्यात : शक्ती संपणं, कामाबद्दल मन दुरावणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. दुसरी खूण वाचली आणि बरबटीच्या शेंगा घेऊन आलेली ती बाई डोळ्यांपुढं उभी राहिली. मी वाईट झाले नव्हते, सिस्टर. इतके महिने मला वाटत होतं की मी मुळातच दगड आहे आणि नर्स व्हायला नको होतं. हे काम करणाऱ्या ज्या पोरी आज स्वतःला दगड समजत असतील, त्यांनी ते वर्गीकरण राहू द्यावं, पण त्या नंबरवर एक फोन जरूर करावा.

मात्र फोननं वॉर्डात दुसरी नर्स येत नाही. ते ज्यांच्या हातात आहे त्यांनी ऐकावं. रिकाम्या जागा भरा. आमची कागदपत्रं आमच्याजवळ राहू द्या. गुलाब नका देऊ.

मी खूप लोकांना ‘माणुसकी’ म्हणताना ऐकलंय, भाषणात तर फारच. माझ्या पाहण्यात ती अशा वेळी आली की कोणाला दिसलीच नाही. आमच्या एस.टी.चे कंडक्टर भाऊ, नाइट करून मी गाडीत बसले की मला कधी तिकिटासाठी उठवायचे नाहीत, फाट्याच्या अलीकडं उठवायचे आणि तेव्हा पैसे घ्यायचे. माझी आई, जिनं ‘कधी संपते तुझं शिक्षण?’ असं एकदाही विचारलं नाही. वॉर्डाच्या मावशी, ज्या माझ्या पुस्तकात खूण म्हणून चिंधी घालून ठेवायच्या, पान दुमडलं तर ओरडायच्या. ही माणसं तुमच्याकडं पाहून तशी वागत होती की मुळातच तशी होती, ते मला सांगता येणार नाही. पण तुमच्या वॉर्डात चांगलं वागायला कोणाला लाज वाटत नव्हती, हे मात्र खरं.

फवारणीवाल्याची बायको नुकतीच पुन्हा आली होती, जावेच्या बाळंतपणाला. या वेळी मी तिला दारातूनच ओळखलं. ती टिकली लावते, हिरवी, बारीक. डाव्या भुवईवर जुना व्रण आहे. तिनं तुमची आठवण काढली, ‘त्या मोठ्या सिस्टर दिसत नाई?’ मी सांगितलं, निवृत्त झाल्या. तर म्हणाली, ‘मंग शेंगा कोनाले देऊ?’

मी घेऊन ठेवल्यात. त्या दिवशीच्याही अर्ध्या तुमच्याच होत्या, मी डब्यासोबत परत पाठवायला विसरले होते. हा ऑफ नाही, पुढचा ऑफ पकडून येते. तोवर वाळतील, पण दाणे निघतील. गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नका, तेलाची बाटली सोबत आणते. आणि तो चार्ट तुमच्या नंतरच्या इनचार्जनं काढून फेकायला ठेवला होता, तो मी घडी करून माझ्याजवळ ठेवलाय. निकालाच्या कागदाबरोबर तोही दाखवायला आणते.

तुमचीच,
गुरुवारच्या चौकोनातली पोरगी