वर्षाची फी आगाऊ घेणारी छोटी जिम का बुडते

संपादक महोदय,

जिमला टाळे लागले आणि वर्षभराची फी भरून बसलेल्या सभासदांचे पैसे अडकले, अशा तक्रारी वरचेवर कानावर येतात. त्यावर चर्चा होते ती मालकाच्या सचोटीची. लबाड मालक असतातच, पण सरळमार्गी माणसाची छोटी, स्वतंत्र जिमही याच वाटेने जाते, आणि तेव्हा त्याचे कारण हिशेबाच्या वहीत सापडते. हा धंदा करणाऱ्यांच्या नजरेतून त्याबद्दल लिहीत आहोत. नवी जिम काढू पाहणाऱ्यांना आणि फी भरणाऱ्यांनाही ते उपयोगी पडावे.

समजा, एका जिमचा महिन्याचा एकूण खर्च, म्हणजे भाडे, पगार, वीज, दुरुस्ती असे सगळे मिळून, 80 सभासदांच्या मासिक फीइतका आहे. उद्घाटनाच्या सवलतीत 100 जणांनी आठ महिन्यांच्या फीत वर्षाचे सभासदत्व घेतले. पहिल्याच महिन्यात 800 मासिक फींइतकी रक्कम हातात आली. मालकाला वाटते, धंदा धावला. त्यातल्या 300 फींच्या तो आणखी मशीन घेतो. उरलेल्या 500 मधून दरमहा 80 जात राहिले की सातव्या महिन्याचे भाडे भरायला पैसे नसतात, आणि 100 माणसांची सहा महिन्यांची सेवा मात्र डोक्यावर असते. मशीन घेतल्या नसत्या तरी गणित जुळत नव्हतेच. 800 भागिले 12 केले तर महिन्याची खरी कमाई 67 फी भरते, खर्च 80. मग पुन्हा सवलतीचा फलक लागतो, नव्यांच्या पैशांवर जुन्यांची सेवा चालते आणि भरती आटली की एके दिवशी शटर उघडत नाही.

आगाऊ आलेली फी ही सेवा देईपर्यंत जिमने सभासदांकडून घेतलेली उधारी असते. ती वेगळ्या खात्यात ठेवावी आणि दर महिन्याला बारावा हिस्साच चालू खात्यात वळवावा. चालू खात्यात कमी पडले तर ते त्याच महिन्यात कळते, सातव्या महिन्यापर्यंत थांबावे लागत नाही. वार्षिक फीवर दोन महिन्यांपेक्षा जास्त सूट देऊ नये. आजारपणात किंवा बाहेरगावी गेल्यास सभासदत्व किती दिवस थांबवता येईल, मधेच सोडल्यास किती पैसे परत मिळतील, हे पावतीवरच छापलेले असावे. तोंडी ठरवले की भांडण ठरलेले. शिवाय तीन महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय नवी मशीन घेऊ नये, विक्रेता हप्त्याने देत असला तरी.

या बाबतीत अर्थशास्त्रातला एक अभ्यास बोलका आहे. स्टेफानो डेल्लाविन्या आणि उल्रिके माल्मेंडिअर यांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या 7,752 सभासदांची तीन वर्षांची हजेरी तपासली आणि 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. महिन्याला 70 डॉलरपेक्षा जास्त भरणारे सभासद सरासरी 4.3 वेळाच येत होते. म्हणजे एका खेपेला त्यांना 17 डॉलरपेक्षा जास्त पडत होते, आणि त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप 10 डॉलरला पडली असती. आणखी एक गोष्ट दिसली: दरमहा आपोआप फी कापू देणारे सभासद वर्ष उलटल्यावरही टिकण्याची शक्यता वर्षाचा करार करणाऱ्यांपेक्षा 17 टक्क्यांनी जास्त होती. यातला काही भाग निव्वळ आळसाचा आहे. फी बंद करायचे राहून जाते, एवढेच. मोठ्या साखळी जिमचा धंदा अशा न येणाऱ्यांवर तरतो. छोट्या जिमने त्याच्या भरवशावर राहू नये, कारण न येणारा सभासद कधीतरी सोडतोच, आणि चार लोकांना सांगतो की तिथे कोणी विचारत नाही.

गळतीचे आकडे लिहून काढले की डोळे उघडतात. 200 सभासद आहेत आणि दरमहा 5 टक्के सोडून जातात, तर आहे तिथेच राहायला महिन्याला 10 नवे लागतात आणि सभासद सरासरी 20 महिने टिकतो. गळती 8 टक्के झाली तर 16 नवे लागतात आणि टिकण्याचा काळ साडेबारा महिन्यांवर येतो. जाहिरातीवर खर्च करण्याआधी हा आकडा खाली आणावा. त्यासाठी हजेरीची साधी वही पुरते. दोन आठवडे न आलेल्यांची नावे दर सोमवारी काढायची आणि ट्रेनरने स्वतः फोन करायचा. संदेश पाठवून भागत नाही.

नवा माणूस बहुधा पहिल्याच महिन्यात हातचा जातो. पहिल्या दिवशी त्याला एवढे दमवतात की तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, आणि मग पंधरवडाभर वाऱ्यावर सोडतात. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीन दिवस, चार-पाचच व्यायाम, प्रत्येकी दोन सेट (न थांबता ठरावीक वेळा केलेला व्यायाम म्हणजे एक सेट), आणि सेट संपल्यावरही आणखी तीन-चार वेळा सहज उचलता येईल इतकेच वजन, असे कार्ड हातात द्यावे. वजन वाढवताना अडते ते 1.25 किलोच्या प्लेटांपाशी. या प्लेटा कमी घेतल्या जातात किंवा हरवतात. मग रॉडवर लहानात लहान वाढ 2.5 किलोच्या जोडीची, म्हणजे एकदम 5 किलोची होते. बेंचवर झोपून 30 किलो उचलणाऱ्याला ती जवळजवळ 17 टक्क्यांची उडी पडते. तो अडकतो आणि आपल्याने होत नाही असे धरून चालतो. 1.25 ची जोडी असेल तर वाढ 2.5 किलोची होते. त्याचप्रमाणे 20 किलोचा रिकामा रॉडही अनेकांना जड जातो. 10 आणि 15 किलोचा एकेक रॉड ठेवला नाही तर असे सभासद कायम मशीनवरच राहतात.

जागा किती लागेल हे सभासदसंख्येवरून काढू नये, गर्दीच्या तासावरून काढावे. 200 पैकी रोज एकतृतीयांश, साधारण 66 जण येतात आणि त्यातले 40 संध्याकाळच्या दोन तासांत येतात असे धरू. तासाला 20 आत येणार, प्रत्येक जण सव्वा तास थांबणार. 20 गुणिले 1.25, म्हणजे एका वेळी 25 माणसे. माणशी चार चौरस मीटर धरले तर बाथरूम आणि कपडे बदलण्याची खोली सोडून 100 चौरस मीटर लागतात. रांग मात्र रॅकपाशी, म्हणजे रॉड टेकवून ठेवायच्या लोखंडी चौकटीपाशी लागते. पाच सेट आणि मध्ये तीन-तीन मिनिटे विश्रांती धरली की एक माणूस रॅक वीस मिनिटे अडवतो, म्हणजे तासाला तिघेच. पायांच्या तीन वेगवेगळ्या मशीनऐवजी आणखी एक रॅक आणि एक बेंच घेतला तर पैसेही वाचतात आणि खोळंबाही कमी होतो.

जुने सामान घ्यावे का? प्लेटा, डंबेल, रॅक जरूर घ्यावेत. लोखंड सहसा म्हातारे होत नाही. रॉड मात्र जमिनीवर गडगडवून बघावा. वाकला असेल तर मधला भाग फिरताना वर-खाली होतो. टोकाच्या बाह्या, म्हणजे प्लेटा चढतात तो भाग, हाताने फिरवून बघाव्यात. जुनी ट्रेडमिल घेताना इलेक्ट्रिशियनला सोबत न्यावे. आधी रिकामी आणि मग वर माणूस चालवून क्लँप मीटरने करंट मोजावा आणि मशीनवर चिकटवलेल्या माहितीपट्टीवरच्या करंटच्या आकड्याशी ताडावा. तो आकडा ओलांडत असेल तर बहुधा बेल्ट आणि खालची फळी झिजलेली आहे, आणि तो खर्च किमतीतून वजा केल्याशिवाय सौदा करू नये.

कारण ट्रेडमिलमध्ये बहुतेक मोठा खर्च तिथूनच सुरू होतो. बेल्ट आणि फळी यांच्यामध्ये सिलिकॉन तेलाचा पातळ थर लागतो. तो वाळला की घर्षण वाढते, मोटर जास्त करंट खेचते आणि शेवटी कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज देणारे सर्किट, जळतो. मेकॅनिक कंट्रोलर बदलून जातो, फळीकडे कोणी बघत नाही, आणि काही महिन्यांत नवा कंट्रोलरही जातो. मशीन बंद करून, प्लग काढून बेल्टखाली हात घालावा. बोटांना तेलकटपणा लागला नाही, कोरडी भुकटी लागली, तर तेल द्यायची वेळ झाली. तेल पुस्तिकेत दिले आहे तेवढेच. जास्त झाले की बेल्ट घसरतो. गंज काढायचे फवारे तिथे अजिबात चालत नाहीत. बेल्ट डावीकडे सरकत असेल तर मागचा डावा बोल्ट पाव फेरा आवळावा, मशीन हळू चालवून मिनिट-दोन मिनिटे थांबून बघावे, मगच पुढचा पाव फेरा. घाईने दोन-तीन फेरे दिले की बेल्ट ताणला जातो आणि रोलरचे बेअरिंग जाते. मोटरवरचे झाकण महिन्यातून एकदा काढून धूळ ओढून घ्यावी. प्रत्येक ट्रेडमिलला स्वतंत्र सर्किट आणि नीट अर्थिंग हवे, मागे दोन मीटर जागा मोकळी हवी.

दुसरे दुर्लक्षित ठिकाण म्हणजे केबल. पाठीच्या पुलडाउन मशीनची (वरचा दांडा खाली ओढायची मशीन) केबल दिवसभर चालते. दर आठवड्याला फडके धरून ती पूर्ण लांबीभर चाचपावी. उघड्या बोटांनी नको, तुटलेली तार टोचते. विशेष लक्ष शेवटच्या फिटिंगजवळ आणि पुलीवर वळणाऱ्या भागावर द्यावे. वरचे आवरण तडकले, फुगले, किंवा आत एक जरी तार तुटलेली दिसली, तरी ती मशीन त्याच क्षणी बंद. ‘बंद आहे’ अशी पाटी लावून उपयोग नाही, लोक तरी बसतात. वजनाची पिनच काढून कपाटात ठेवावी. जादा केबल आधीच मापाने करून ठेवली तर मशीन तासाभरात सुरू होते. वजने ज्यांवरून सरकतात त्या गाइड रॉडवर जाड तेल लावू नये, त्यात धूळ बसून काजळी होते. पुसून सिलिकॉनचा हलका फवारा पुरे. बेंचचे रेक्झिन स्पिरिटने रोज पुसले की कडक होऊन फाटते, तिथे सौम्य साबणाचे पाणी.

जागेच्या करारात दोन गोष्टी आधी तपासाव्यात. राहत्या घराची जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो भार धरून आखतात, व्यायामशाळेसाठी 500 च्या आसपास. वरच्या मजल्यावर जायचे असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र घ्यावे. आणि आवाज. डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरून उचललेला रॉड खाली ठेवतानाचा दणका हवेतून कमी आणि स्लॅबमधून जास्त जातो, त्यामुळे भिंतींना फोम लावून शेजारी शांत होत नाहीत. खाली एकमेकांवर आडवे-उभे ठेवलेले 18 मिलिमीटर प्लायचे दोन थर आणि त्यावर जाड रबर घातल्यावर फरक पडतो. तळमजला मिळाला तर थोडे जास्त भाडे देणेही परवडते.

सुरक्षिततेत काटकसर नको. प्रवेशाच्या वेळी छातीत दुखणे, चक्कर, रक्तदाब, औषधे, जुन्या दुखापती यांची प्रश्नावली भरून घ्यावी आणि ‘होय’ असेल तिथे डॉक्टरांची परवानगी मागावी. बेंच प्रेसला रॅकच्या आडव्या पट्ट्या छातीच्या पातळीपेक्षा किंचित खाली लावण्याची सक्ती असावी. अतिश्रमानंतर स्नायू सुजून प्रचंड दुखत असतील आणि लघवी चहा-कोलासारखी गडद होत असेल, तर ते नेहमीचे अंगदुखणे नव्हे. स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण येतो, त्या माणसाला लगेच रुग्णालयात न्यावे लागते. हे प्रत्येक ट्रेनरला पाठ असावे. हृदय अचानक बंद पडल्यास छातीदाबन (सीपीआर) आणि डीफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) यांविना जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. छातीदाबन शिकलेला एक तरी माणूस प्रत्येक पाळीत हवा आणि डीफिब्रिलेटर कुलपाबाहेर.

वर्षाची फी भरण्यापूर्वी सभासदांनीही संध्याकाळच्या ऐन गर्दीत एक चक्कर मारावी. रॅकपाशी किती जण थांबले आहेत ते बघावे, पुलडाउनच्या केबलचे टोक बघावे, आणि पैसे परत मिळण्याचा नियम लेखी मागावा. तो मिळाला नाही तर महिन्याचीच फी भरावी, सूट कितीही असो.

आपले,
स्वतंत्र जिम चालवणारे काही जण