तरुण संघाच्या मुलांविषयी मित्रास पत्र

पुणे

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

नगरच्या ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) तरुण संघाची जबाबदारी तुझ्यावर सोपवली हे वाचून आनंद झाला. मुलांनी आपल्या मित्रमैत्रिणींना विश्वासाविषयी सांगावे म्हणून त्यांची तयारी कशी करून घ्यावी, असे तू विचारले आहेस आणि दर महिन्याला प्रत्येकाने एक तरी नवा मित्र सभेला आणावा, असा बेतही कळवला आहेस. तो बेत मला पटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या वयातल्या मुलांना मैत्री शिकवावी लागत नाही. ती त्यांच्याकडे भरपूर असते, फक्त त्या मैत्रीत स्वतःची एक बाजू ती झाकून ठेवतात. आमच्या संघातली अकरावीतली एक मुलगी रविवारी सकाळची क्लासची टेस्ट चुकली की "घरी पाहुणे होते" असे सांगत असे, कारण उपासनेला गेले होते म्हटले की पुढचे प्रश्न येतील आणि आपल्याला उत्तरे देता येणार नाहीत, याची तिला धास्ती वाटे. (दर रविवारी सकाळी पाहुणे येणारे घर पुण्यात कुठे आहे, हा प्रश्न त्या मैत्रिणींनाही पडला असेलच.) शेवटी एकदा तिने खरे कारण सांगितले, तेव्हा मैत्रिणीने आधी विचारले की तुम्ही तिथे एवढा वेळ करता तरी काय, आणि गीते, शास्त्रवाचन, संदेश हे सगळे ऐकून झाल्यावर विचारले की देवाकडे मागितलेले मिळाले नाही तर? "कधी कधी मलाही कळत नाही, पण मी प्रार्थना सोडत नाही," असे ही म्हणाली. इतकी प्रामाणिक साक्ष मोठ्यांच्या सभेतही मी क्वचितच ऐकली आहे.

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि तेही सौम्यतेने, असे सांगितले आहे. म्हणजे समोरच्याने विचारावे इतके आपले वागणे त्याच्या नजरेत भरले पाहिजे. मुलांकडून पाठांतर करून घेण्याऐवजी कॉपी करायला नकार देणे, वर्गात एकट्या पडलेल्या मुलाबरोबर डबा खाणे, मित्राची आजी रुग्णालयात असेल तर "मी तिच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" असे विचारणे, यांचा सराव करून घे.

मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट तुला नगरकर म्हणून मी काय सांगावी! आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी संस्कृत कवितेविषयी आदराने बोलून नवा करार हाती दिला, वाद घातला नाही. पुढे वाचून, विचार करून १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर त्यानंतर काही वर्षांनी, स्वतःच्या विचाराने त्या वाटेवर आल्या. त्या सहप्रवाशाला महिनाअखेरीस आकडा भरून द्यायचा असता, तर संस्कृत कवितेवर बोलत बसायला त्याला सवड झाली असती का? आकडा मागितला की मुले मित्राकडे सावज म्हणून पाहू लागतात आणि सोळा वर्षांच्या मुलाला ते लगेच ओळखू येते.

ऐकून घेणेही तितकेच महत्त्वाचे आहे. याच पुण्यात १८९० साली पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आले होते. आज आपली मुले मित्रांच्या घरी गणपतीत आरास करायला जातात आणि ते मित्र नाताळला आपल्याकडे करंज्या खायला येतात. अशा वेळी मित्राच्या श्रद्धेविषयी मनापासून विचारावे, तिची टवाळी कधीही करू नये आणि त्याने आपल्या विश्वासात कधीच रस दाखवला नाही तरी मैत्रीत अंतर पडू देऊ नये, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांग.

एक गोष्ट मात्र नियम म्हणूनच पाळ. एखादा मित्र आपणहून सभेला यायचे म्हणाला, तर आधी त्याच्या आईवडिलांना सांगून त्यांची परवानगी घ्यावी. ती नसेल तर आपल्या मुलाने त्याला घेऊन येऊ नये. नव्या मित्रांच्या नोंदीची वही तू छापायला टाकली असशील, तर ती छापू नका असे छापखान्यात कळव आणि त्या पैशांत मुलांना एकदा मित्रांसह चहा-नाश्ता दे.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र