आमच्याकडे म्हणजे कुठे?

नारायण पेठ, पुणे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी चिडले आणि कुकर बघते म्हणून बाबांच्या हातात फोन देऊन आत गेले. कुकर लावलेलाच नव्हता. म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर तू मधेच अंगठा पाठवतेस आणि माझं बोलणं तिथेच संपतं. हे लिहून झालं की बाबा फोटो काढून पाठवतील.

तुझ्याकडे जपानला राहून आलेल्या त्या दोघी रविवारी येऊन गेल्या, उंच ती आणि चष्मेवाली. किबीदांगोचा, म्हणजे तिथल्या चिकट गोड गोळ्यांचा, पुडा दिला. बाबांनी चार खाल्ले, माझ्या कवळीला एक चिकटला. मग दोन तास नुसतं तुझं ओकायामा. ट्राम, कोराकुएन बाग, तिथले लाल टाळूचे क्रौंच, नदीपलीकडचा काळा किल्ला. किल्ला 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळला आणि 1966 मध्ये पुन्हा बांधला, हे तू पुलावर उभी राहून गाइडसारखं सांगितलंस म्हणे. आपला शनिवारवाडा 1828 मध्ये जळला तो अजून तसाच आहे, हेही सांगायचंस. आम्ही घाई करत नाही.

गंमत वाटते. सिंहगड रोडच्या बागेत तू आठ वर्षांची असताना हिरवळीवर धावलीस आणि रखवालदाराने शिट्टी मारली. ही बाग ओकायामाच्या बागेवरून केलीय, असं बाबा तुला समजावत होते. तुझं सगळं लक्ष माशांकडे. ओकायामा म्हणजे माझ्या लेखी बागेबाहेरच्या पाटीवरचा एक शब्द होता.

चष्मेवालीने अजून एक सांगितलं. तुम्ही तिघी स्टेशनसमोर उभ्या होतात आणि एका जपानी आजीने येऊन पत्ता विचारला तो तुला. तू तिची पिशवी हातात घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलीस. हे मी शेजारच्या काकूंना सांगितलं, खालच्या वाण्यालाही सांगितलं. मग रात्री झोप लागेना. तिथल्या म्हातारीलासुद्धा तू तिथलीच वाटायला लागलीस.

करारावर यंदा पुन्हा सही करणार का, हे मी विचारणार नव्हते. विचारतही नाही. पण आठ दिवस पाहुण्यांना गाद्या देऊन तू पातळ चटईवर झोपलीस, हे काय? तुझा मणका बारावीपासून दुखतो. पाहुणचार करावा, पण बेताने. ट्रामचं, जेवणाचं, कुराशिकीच्या नावेचं, सगळं तूच दिलंस म्हणे. मास्तरकीच्या पगारात शिल्लक काय राहते? मार्चमध्ये ताप आला तेव्हा डॉक्टरकडे सोबत कोण आलं होतं, हे अजून सांगितलेलं नाहीस. बघ, सुरू झाले मी. सोड. दमून आलेल्या पोरीला हे लिहू नये, कळतं मला.

खरं ते एवढंच. तू म्हणालीस, "आमच्याकडे फार पाऊस नसतो गं." मी म्हटलं, आमच्याकडे म्हणजे कुठे? त्यात तुझी चूक नव्हती.

लग्न होऊन मी मिरजेहून इथे आले, तेव्हा वर्षभर माझं "आमच्याकडे" म्हणजे मिरज. आमच्याकडे आमटीत गूळ नसतो, आमच्याकडे असं नसतं. तुझी आजी ऐकून घ्यायची आणि गूळ घालायची. तिसऱ्या वर्षी माझी आई आली. मी तिला पर्वती दाखवली, 103 पायऱ्या. निम्म्यावर ती बसली, पदराने वारा घेत. मी उभ्या उभ्या हात करून दाखवत होते, ती सारसबाग, तो लकडी पूल, त्याच्या अलीकडे आमचं घर, आमच्याकडे पाणी दोनदा येतं. किती बोलले असेन! ती नुसती हं हं करत होती.

परत जाताना पुणे स्टेशनवर गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाली, "दिवाळीला आमच्याकडे ये हं." आधी कायम म्हणायची, घरी ये. मी रुमाल हलवत राहिले. बाकी काही सुचलं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बाबांनासुद्धा. आता तेच फोटो काढणार म्हणजे वाचतीलच.

आपल्या इथे साडेपाच वाजले, म्हणजे तुझे नऊ. जेवली असशील. गोडा मसाला आणि मेतकूट करून ठेवलंय, कोणी येणार असेल तर कळव.

दिवाळीला सुट्टी नसते तिकडे, माहीत आहे. डिसेंबरमध्ये जमव. घरी ये.

तुझी,
आई

ता.क. पाहुण्या गेल्यावर गाद्या उन्हात टाकल्यास का?